कोच अचानक गेले. मुलाने ड्राफ्टसाठी नाव द्यावे का?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

सप्रेम नमस्कार. मी मूळची सांगलीची. गेली बावीस वर्षे आम्ही अमेरिकेत इंडियाना राज्यात राहतो. आमचा धाकटा मुलगा, जो जन्माने इथलाच आहे, एका लहानशा विद्यापीठाच्या संघातून डिव्हिजन वनचे, म्हणजे विद्यापीठांच्या सर्वांत वरच्या श्रेणीतले, बास्केटबॉल खेळतो. त्याचे हे तिसरे वर्ष. उंची सहा फूट पाच इंच, यंदाची सरासरी चौदा गुणांची आणि तीन गुणांच्या फेकींत अडतीस टक्के यश. मार्चमध्ये कॉन्फरन्सच्या (आमच्या गटातल्या विद्यापीठांच्या) स्पर्धेत संघ हरला आणि चौथ्या दिवशी मुख्य कोच एका मोठ्या विद्यापीठात निघून गेले. मुलांनी ही बातमी आधी फोनवर वाचली. बैठक मागाहून झाली आणि ती बारा मिनिटांत आटोपली. याच माणसाने आमच्या घरी येऊन, माझ्या हातची पुरणपोळी खाऊन, चार वर्षे मुलाची जबाबदारी माझी, असा शब्द दिला होता. आता मुलगा म्हणतो की ड्राफ्टसाठी, म्हणजे एनबीए या व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या निवडीसाठी, नाव देतो आणि या सगळ्यातून सुटतो. कोचच्या सहायकाचा ‘आमच्याकडे ये’ असा निरोप आला आहे. एक एजंट रोज फोन करतो. यांचे म्हणणे असे की खेळ पुरे झाला, मेकॅनिकल इंजिनिअरिंगचे शेवटचे वर्ष निमूटपणे पूर्ण कर. त्यावरून आठ दिवस बापलेकांत अबोला आहे. मुलगा घरी आला आहे आणि रात्री अकरा अकरापर्यंत ड्राइव्हवेमध्ये एकटाच बॉल टाकत असतो. सांगलीहून सासरे रोज विचारतात, ‘नातवाची निवड झाली का?’ त्यांना काय सांगू आणि मुलाला काय सांगू?

उत्तर

प्रिय ताई,

तुमचे पत्र दोनदा वाचले. पुरणपोळीपाशी दोन्ही वेळा थांबलो, कारण या सगळ्या प्रकरणात घरच्यांना सर्वांत जास्त लागलेले तेच आहे असे मला वाटले. अमेरिकेतील विद्यापीठांत खेळाडू विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा सल्लागार म्हणून मी बरीच वर्षे काढली आहेत आणि अशा सहा-सात निरोपांच्या वेळी मी इमारतीत हजर होतो. म्हणून आधी एक कोरडी गोष्ट सांगतो. मुख्य कोचचा करार विद्यापीठाशी असतो, खेळाडूशी नसतो. तो मुदतीआधी मोडायचा झाल्यास किती रक्कम भरायची हेही त्या करारात लिहिलेले असते आणि ती रक्कम बहुधा नवे विद्यापीठ उचलते. तुमच्या घरी दिलेला शब्द खोटा होता असे मी म्हणणार नाही, कारण देताना तो बहुतेक वेळा खरा असतो. पण त्या शब्दाला कुठल्याही कागदाचा आधार नसतो, हे मुलाला भरती करून घेताना कोणी सांगत नाही.

ही निघून जाण्याची घाई मार्च आणि एप्रिलमध्येच का असते, तेही समजून घ्यायला हवे. मोसम संपताच विद्यापीठे जुने कोच काढतात आणि नवे शोधतात, आणि त्याच सुमारास संघ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नावे ट्रान्सफर पोर्टलमध्ये येऊ लागतात. नव्या कोचला आपला संघ त्यातूनच उभा करायचा असल्यामुळे एक आठवडा उशीर म्हणजे चांगली मुले हातची जाणे. त्यामुळे निरोपाची बैठक बारा मिनिटांची होते. हे समर्थन नव्हे. माझ्या समोर झालेल्या एका बैठकीत कोचची गाडी बाहेर चालू ठेवलेली होती आणि मुलांना खिडकीतून ती दिसत होती. त्या दिवशी कोच काय बोलले ते मला आज आठवत नाही, त्या गाडीचे लुकलुकणारे दिवे मात्र आठवतात.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या मुलापुढे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि चीड आल्यामुळे त्याने त्यांचा एकच प्रश्न केला आहे. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये आपल्याला कोणी घेईल का, हा पहिला प्रश्न. आणि पुढचे वर्ष कुठल्या कोचच्या हाताखाली खेळायचे, हा दुसरा. कोच निघून गेल्याने पहिल्या प्रश्नाचे उत्तर काडीइतकेही बदललेले नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एनबीएचा संघ त्याला जितका पाहत होता तितकाच आजही पाहतो आहे. ड्राफ्टला नाव देणे हे निघून गेलेल्या माणसाला दिलेले उत्तर ठरू नये, कारण तो माणूस ते उत्तर ऐकायला तिथे नाही आणि त्याची किंमत मात्र मुलगा भरतो.

असे असले तरी त्याने नाव देऊच नये असे माझे म्हणणे नाही. उलट त्याने नाव द्यावे असे मला वाटते, मात्र परत यायची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहूनच द्यावे. ही सोय कशी चालते ते सांगतो. पदवी पूर्ण होण्याआधी ड्राफ्टला जाऊ इच्छिणाऱ्यांना एप्रिलच्या अखेरीपर्यंत नाव नोंदवता येते. मेच्या मध्यास शिकागो येथे निवडक खेळाडूंची कंबाइन नावाची चाचणी होते आणि ती संपल्यावर दहा दिवसांनी, म्हणजे साधारण मेच्या शेवटच्या आठवड्यात, महाविद्यालयीन खेळाची पात्रता टिकवून नाव मागे घेण्याची एनसीएए या विद्यापीठीय खेळांच्या नियामक संस्थेची मुदत संपते. एनबीएची स्वतःची माघारीची मुदत त्यानंतर जूनमध्ये असते. या दुसऱ्या तारखेवर विसंबून काही मुले फसलेली आहेत, म्हणून तुमच्या दृष्टीने मेमधली तारीख हीच खरी मानावी. ती उलटली की महाविद्यालयीन बास्केटबॉलचा दरवाजा बंद झाला असे धरून चालावे. त्यातल्या अपवादांसाठी अलीकडे कोर्टात भांडणे चालू आहेत, पण कोर्टाच्या भरवशावर कोणी आपल्या मुलाचे वर्ष लावू नये.

या पाच आठवड्यांत मिळवायची सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे एनबीएच्या अंडरग्रॅज्युएट अ‍ॅडव्हायझरी कमिटीचे उत्तर. संघांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची ही समिती खेळाडूने विनंती केल्यावर त्याचा अंदाज कळवते. हा मुलगा पहिल्या चौदांत, म्हणजे लॉटरीत, जाईल, की पहिल्या फेरीत, की दुसऱ्या फेरीत, की त्याला कोणीच घेणार नाही, एवढेच ते उत्तर असते. भाषा रुक्ष असते आणि त्यात कोणाची भीडभाड नसते, म्हणूनच मला ते आवडते. एजंटचा फोन रोज येतो आणि गोड असतो. हे उत्तर एकदाच येते.

एजंटविषयी इथेच सांगून टाकतो. २०१८ पासून ड्राफ्टची चाचपणी करणाऱ्या महाविद्यालयीन खेळाडूला एजंट नेमता येतो, पण तो एनसीएएने प्रमाणित केलेला असावा लागतो, करार लेखी असावा लागतो आणि मुलगा कॉलेजात परतणार असेल तर तो करार संपवावा लागतो. तुमच्याकडे रोज फोन करणाऱ्याला या तीन गोष्टी लेखी विचारा. एनबीएच्या करारावर एजंटला जास्तीत जास्त ४ टक्के घेता येतात. नाव, प्रतिमा आणि जाहिरात यांच्या व्यवहारांवर मात्र बरेच जास्त मागितले जातात, आणि अनेकांचे खरे लक्ष त्यावरच असते. तुम्ही इंजिनिअरच्या घरात आहात, करार वाचण्याची सवय आहे, तर तो वाचण्याचे काम मुलाच्या वडिलांकडे द्या. अबोला सुटायला निमित्त लागते.

आता मुलाच्या शक्यतेबद्दल. मी त्याचा खेळ पाहिलेला नाही, त्यामुळे भविष्य सांगणार नाही, पण पत्रातील आकड्यांविषयी बोलता येईल. ड्राफ्टच्या दोन फेऱ्या मिळून साठच्या आसपास नावे घेतली जातात आणि त्यात युरोप, ऑस्ट्रेलियातले खेळाडूही येतात. सहा फूट पाच इंच ही उंची कॉलेजच्या माहितीपत्रकातली असेल, तर ती बुटांसह आणि थोडी मायेने मोजलेली असण्याची शक्यता बरीच आहे. कंबाइनमध्ये मुलाला अनवाणी भिंतीशी उभे करतात आणि पाव इंचापर्यंत मोजतात. मग दोन्ही हात पसरून लांबी, हात वर करून पोहोच, उभ्याने उडी. सहा फूट पाचचा मुलगा तिथे सहा फूट साडेतीन होतो आणि त्याच्या चेहऱ्यावरचा भाव बघवत नाही. मात्र पसरलेल्या हातांची लांबी सहा फूट दहा निघाली तर तोच मुलगा पुन्हा उंच होतो. घरी आला आहे तोवर हे माप तुम्हीच घ्या.

अडतीस टक्क्यांचेही तसेच. महाविद्यालयीन पुरुषांच्या सामन्यात तीन गुणांची रेषा २२ फूट पावणेदोन इंचांवर असते. एनबीएमध्ये ती समोरून २३ फूट ९ इंचांवर आहे. हा फरक जेमतेम दीड फुटाचा वाटतो, पण थकलेल्या पायांना तो कळतो. स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणारी माणसे, टक्केवारी पाहत नाहीत असे नाही, पण त्याआधी ते चित्रफीत थांबवून मुलाची पावले कुठे होती ते पाहतात. रेषेला चिकटून मारलेले अडतीस टक्के आणि रेषेच्या दोन फूट मागून मारलेले अडतीस टक्के ही दोन वेगळी मुले आहेत.

पैशाचे गणितही समोर ठेवा, कारण ‘सुटतो’ म्हणणाऱ्या मुलाच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा पहिल्या फेरीचेच चित्र असते. पहिल्या फेरीत गेलेल्याला दोन वर्षांच्या पगाराची हमी मिळते आणि तिसाव्या क्रमांकाच्या खेळाडूलाही पहिल्या वर्षी वीस लाख डॉलरहून अधिक मिळतात. दुसऱ्या फेरीत ही हमी नसते. अनेकांच्या वाट्याला टू-वे करार येतो, ज्यात खेळाडू एनबीए आणि तिची दुय्यम लीग, म्हणजे जी लीग, यांच्यामध्ये ये-जा करतो आणि मोसमाला सुमारे सहा लाख डॉलर मिळवतो. असे करार प्रत्येक संघाकडे फक्त तीन असतात. त्याच्याही खाली साधा जी लीगचा करार, मोसमाला चाळीस-पंचेचाळीस हजार डॉलरचा. दुसऱ्या बाजूला, २०२१ च्या जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळवता येऊ लागले आणि २०२५ च्या जुलैपासून विद्यापीठे थेट उत्पन्नाचा वाटा देऊ लागली, त्यामुळे कॉलेजात थांबलेला चांगला गार्ड (रिंगपासून दूर राहून चेंडू हाताळणारा खेळाडू) जी लीगमधल्या गार्डपेक्षा पुष्कळ जास्त कमावू शकतो. म्हणूनच २०२१ मध्ये मुदतीआधी नाव देणाऱ्यांची संख्या साडेतीनशेच्या वर होती आणि २०२५ मध्ये ती शंभराच्या थोडी पुढे राहिली. (तुमचा मुलगा अमेरिकन नागरिक आहे म्हणून हे लिहितो. भारतातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या खेळाडूने असा एक डॉलरही घेण्यापूर्वी इमिग्रेशनचा वकील गाठावा. त्यात व्हिसाच धोक्यात येऊ शकतो.)

आता दुसरा प्रश्न: कोचच्या मागे जायचे का? यावर मला एका संघाची गोष्ट सांगायची आहे, कारण ती तुमच्या घरातल्या परिस्थितीशी फार जुळते. न्यूयॉर्कजवळ न्यू रोशेल येथे आयोना नावाचे छोटे विद्यापीठ आहे. २०२३ च्या मार्चमध्ये त्यांचा संघ एनसीएए स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत कनेक्टिकटकडून हरला आणि त्यानंतर काही दिवसांतच कोच रिक पिटिनो सेंट जॉन्स विद्यापीठात गेले. मागे राहिलेल्या मुलांत दोन गार्ड होते. डॅनिस जेन्किन्स कोचच्या मागे सेंट जॉन्सला गेला. वॉल्टर क्लेटन गेला नाही. त्या मोसमात तो आपल्या कॉन्फरन्सचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता आणि त्याने आपल्या घरच्या राज्यातले फ्लोरिडा विद्यापीठ निवडले, जिथे टॉड गोल्डन हे कोच त्याला नवीन होते. (तिसरा एक खेळाडू, नेली ज्युनियर जोसेफ, न्यू मेक्सिकोला गेला, जिथे कोच होते पिटिनो यांचेच चिरंजीव. खेळातली ही घराणेशाही आपल्या राजकारणाला लाजवील.)

पुढे काय झाले ते पाहा. जेन्किन्स एक वर्ष खेळला आणि २०२४ च्या ड्राफ्टमध्ये त्याचे नाव पुकारले गेले नाही, पण डेट्रॉईट पिस्टन्सने त्याला टू-वे करार दिला आणि तिथून त्याने हळूहळू एनबीएत पाय रोवले. क्लेटनने त्याच २०२४ मध्ये ड्राफ्टसाठी नाव दिले, अंदाज घेतला, नाव मागे घेतले आणि फ्लोरिडाला परतला. एप्रिल २०२५ मध्ये सॅन अँटोनियो येथे ह्यूस्टनला ६५–६३ असे हरवून फ्लोरिडाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, क्लेटन अंतिम टप्प्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि जूनमधील ड्राफ्टमध्ये अठराव्या क्रमांकावर घेतला गेला. युटा जॅझकडे त्याचे हक्क गेले. एकाच कोचने एकाच आठवड्यात सोडलेली ही दोन मुले आहेत. मागे गेलेला वाया गेला नाही आणि न गेलेला तर बहरला. त्यांच्या भवितव्याचा निर्णय कोचच्या जाण्याने झाला नाही, पुढच्या मोसमात कोणाला किती मिनिटे, कुठल्या भूमिकेत मिळाली, याने झाला.

म्हणून ‘आमच्याकडे ये’ या निरोपातला पहिला प्रश्न मिनिटांचा आहे. मोठ्या विद्यापीठात गेलेला कोच त्याच पोर्टलमधून तुमच्या मुलाहून उंच, तयार गार्डही आणू शकतो, आणि बोलावले म्हणजे खेळवीलच असे नाही. सहायकाच्या मेसेजवर भुलू नये. मुख्य कोचने स्वतः फोन करावा आणि त्या फोनवर मुलाने नेमके विचारावे की माझ्या जागेवर अजून कोणाशी बोलणी चालू आहेत, मी चेंडू हाताळणार की कोपऱ्यात उभा राहणार, आणि देऊ केलेली रक्कम कराराच्या कागदावर केव्हा येईल. खरा कोच यांची उत्तरे देतो. जो ‘तू आधी ये, मग बघू’ म्हणतो, त्याने आपले उत्तर दिलेलेच असते.

आहे तिथेच थांबण्याचा पर्यायही घाईने मोडीत काढू नये. मिशिगनचे १९८९ चे उदाहरण जुन्या मंडळींना पाठ आहे: कोच बिल फ्रीडर यांनी एनसीएए स्पर्धेच्या तोंडावर अ‍ॅरिझोना स्टेटची नोकरी घेतली, विद्यापीठाने त्यांना स्पर्धेपुरतेही थांबू दिले नाही, सहायक स्टीव्ह फिशर यांच्या हाती संघ दिला आणि तोच संघ ओळीने सहा सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला. ग्लेन राइस त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये चौथा गेला. मला अधिक बोलके वाटते ते पुढचे: रुमील रॉबिन्सन, लॉय व्हॉट आणि टेरी मिल्स हे तिघे फिशर यांच्याकडेच आणखी एक वर्ष राहिले आणि १९९० मध्ये तिघेही पहिल्या फेरीत गेले. पण हे उदाहरण गोड आहे तितकेच फसवेही आहे, कारण तो संघ मुळातच तगडा होता. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मोसमाला तीन आठवडे असताना टोनी बेनेट यांनी व्हर्जिनिया सोडली, तेव्हा मागे राहिलेला संघ १५ जिंकला आणि १७ हरला. तेव्हा थांबायचे की नाही हे नवा कोच कोण येतो आणि आणखी कोण थांबते यावर ठरेल, आणि त्यासाठी नव्या कोचला पहिली भेट तरी देऊ द्यावी.

या सगळ्यात एक धोका मला तुमच्या पत्रात दिसत नाही, पण तो आहे. पोर्टलमध्ये नाव टाकणे ही नुसती चौकशी नसते. नाव टाकले की सध्याच्या विद्यापीठाला चालू सत्रानंतर त्याची स्कॉलरशिप थांबवण्याची मुभा मिळते आणि नव्या कोचला त्याची जागा दुसऱ्याला देता येते. कोच गेल्यावर त्या संघातील खेळाडूंसाठी पोर्टलची खास मुदत असते. ती किती दिवसांची आणि केव्हापासून मोजायची हे नियम वरचेवर बदलतात, म्हणून सहकाऱ्याने सांगितलेली तारीख चालणार नाही. विद्यापीठाच्या कम्प्लायन्स ऑफिसकडून, म्हणजे खेळाचे नियम पाळले जातात की नाही ते पाहणाऱ्या कचेरीकडून, ती ईमेलवर मागून घ्यावी. आणि त्याच दिवशी रजिस्ट्रारकडून आजवर पूर्ण झालेल्या क्रेडिट्सचा उतारा घ्यावा. मेकॅनिकलची तिसऱ्या वर्षाची क्रेडिट्स दुसरे विद्यापीठ जशीच्या तशी स्वीकारील याची खात्री नसते. मी एका मुलाला थर्मोडायनॅमिक्स दोनदा शिकताना पाहिले आहे, आणि दुसऱ्या वेळी त्याला ते पहिल्यापेक्षा कमी समजले. मुलाच्या वडिलांची काळजी याच जागी रास्त आहे. ती ‘खेळ पुरे’ अशा शब्दांत मांडली की मुलगा कान बंद करतो. ‘ज्या विद्यापीठात जाशील तिथे डिग्री किती सत्रांत होईल ते मला लेखी आणून दे’ अशा शब्दांत मांडली, तर तो ती प्रत्येक कोचला विचारील, आणि चांगले कोच त्या प्रश्नाला मान देतात.

तुमच्या मुलाने जुन्या कोचशी बोलणे टाकले असावे असे मला पत्रावरून वाटते. राग शमेपर्यंत टाकू दे. पण ड्राफ्टला नाव देण्याआधी एक फोन व्हायला हवा, आणि त्यामागे निव्वळ व्यवहार आहे. एनबीएचे संघ एखाद्या मुलावर पैसे लावण्यापूर्वी त्याला तीन वर्षे रोज पाहिलेल्या माणसाला फोन करतात: सरावाला वेळेवर येतो का, बाकावर बसवले की तोंड पाडतो का, दुखापत लपवतो का. तो फोन नव्या कोचला जाणार नाही, निघून गेलेल्याला जाईल. मुलाने गळ्यात पडावे असे नव्हे. ‘आम्हाला फोनवर वाचून कळले, ते मला लागले, माझ्याविषयी कोणी विचारले तर आपण काय सांगाल ते मला आत्ताच सांगा’, एवढे त्याने स्वतःच्या तोंडाने म्हणावे. हे वाक्य बोलताना त्याचा आवाज कापला तरी हरकत नाही. आणि तुम्ही त्या फोनवर बोलू नये, ताई, कितीही वाटले तरी.

सासऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही, कारण आपल्याकडे निवड म्हणजे गुणवत्ता यादी: नाव आले की गंगेत घोडे न्हाले. त्यांना दोन पंजाबी मुलांची हकीकत सांगा. पंजाबातील बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सकडून ५२ व्या क्रमांकावर निवडला गेला, भारतात जन्मलेला असा तो पहिलाच. पण एनबीएच्या मोसमातला एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. कॅनडात वाढलेल्या सिम भुल्लरने न्यू मेक्सिको स्टेटमध्ये दोन वर्षे खेळून २०१४ मध्ये ड्राफ्टला नाव दिले, त्याला कोणीच निवडले नाही. आणि तरी एप्रिल २०१५ मध्ये सॅक्रॅमेंटो किंग्जकडून मैदानात उतरून तो एनबीएत खेळणारा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू झाला. त्याला सामने तीनच मिळाले. आजोबांना म्हणावे, नातवाचे नाव जाहीर झाले तरी लगेच पेढे वाटू नका, आणि नाही झाले तरी फोन करायचे थांबवू नका.

येत्या आठवड्यापुरते माझे म्हणणे असे. सोमवारी कम्प्लायन्स ऑफिस आणि रजिस्ट्रार. त्यानंतर समितीकडे अंदाजाची विनंती, कारण तिलाही मुदत असते. नव्या कोचचे नाव जाहीर झाले की प्रत्यक्ष भेट, फोनवर नव्हे. मेच्या सुरुवातीला त्याच्या सत्र परीक्षा असतील, त्या बुडवून कुठल्याही संघाच्या चाचणीला जाऊ नये. बोलावणाऱ्यांना त्या तारखा ठाऊक असतात. समितीचे उत्तर ‘कोणी घेणार नाही’ असे आले आणि कंबाइनचे बोलावणेही नसेल, तर मेमधली ती लाल तारीख येण्याची वाट न पाहता नाव मागे घ्यावे. उत्तर ‘दुसरी फेरी’ असे आले तर मला पुन्हा लिहा, कारण तो खरा अवघड निकाल आहे आणि तेव्हा त्याच्या हातांचे माप, नव्या कोचचे नाव आणि एजंटचा करार हे तिन्ही मला समोर हवे आहेत.

राहिला रात्री अकराचा ड्राइव्हवे. त्याला आत बोलावू नका. शनिवारी सकाळी मापाची टेप आणि खडू घेऊन त्याच्या वडिलांना बाहेर पाठवा आणि २३ फूट ९ इंचांवर एक रेघ ओढून द्यायला सांगा. ड्राइव्हवे पुरला नाही तर ती रस्त्याच्या कडेला जाईल, जाऊ दे. टेपचे टोक रिंगच्या बरोबर मध्याखाली धरायचे असते, बोर्डापासून नव्हे. ते धरायला दुसरा माणूस लागतो.

तुमचा,
सल्लागार